पडवीतली चटई

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आता कल्याणला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लांब लांब पळते. आमच्या भागात पळणारी बाई म्हटली की लोकांना अजून मीच आठवते, म्हणून ती पळण्याच्या गप्पा मारायला आली होती. चहा पिता पिता सहज म्हणाली, "बाई, चार महिने झाले, पाळीच आली नाही. बरंच झालं म्हणा, सरावात खंड पडत नाही." आणि हसली.

मी हसले नाही. कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, जेवतेस का नीट? जांघेत कुठे दुखतं का? ती गडबडलीच. मग मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेतली बाई आहे. पण या एका विषयात माझ्याच हाडांनी माझी शिकवणी घेतलेली आहे.

किटली घेऊन

माझं माहेर शहापूरचं. सासर माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे. नवरा प्रकाश मुरबाडच्या एका कारखान्यात फिटर. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आणि लेक स्वाती, तेव्हा दुसरीत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी शाळा डोंगराकडच्या एका वाडीवर. फाट्यापर्यंत जीप, पुढे पायी.

स्वातीनंतर मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आत्यांनी आनंदाच्या भरात आळीभर साखर वाटली. तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं. आत्या कपाळ बडवून घेत म्हणाल्या, "माझ्याच तोंडानं नजर लागली." मला मात्र रडूच येईना. भाकऱ्या थापायच्या, शाळेत जायचं, पाढे म्हणून घ्यायचे. सगळं चालू होतं आणि मी कुठेच नव्हते.

एकदा उजाडताना दूध आणायला निघाले आणि रिकामी किटली हातात धरून पळत सुटले. का, ते आजही सांगता यायचं नाही. शाळकरी वयात शहापूरला मी पळायचे, तालुक्यात नंबरही आला होता, पण त्यालाही पंधरा वर्षं झाली होती. टोकावड्याच्या दिशेने दम लागेस्तोवर गेले आणि रस्त्याच्या कडेला बसून पोटभर रडले. घरी आले तेव्हा छाती हलकी झाली होती. दूध आणायचं तेवढं राहिलं.

मग ते रोजचं झालं. पंजाबी ड्रेस, कमरेला घट्ट आवळलेली ओढणी, पायात कॅनव्हासचे बूट. घाट उतरणाऱ्या टोमॅटोच्या टेम्पोचे ड्रायव्हर आधी हॉर्न मारून घाबरवायचे, पुढे ओळखीने हात करायला लागले. प्रकाश लुनावरून मागे यायचा. लोक विचारायचे, "बाई, चोर लागलाय काय मागं?" तो सांगायचा, "चोर नाय, नवरा लागलाय."

कल्याणला जानेवारीत एकवीस किलोमीटरची शर्यत असते, बायकांचा वेगळा गट असतो, हे त्यानेच शोधून काढलं. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त चढलं होतं.

आत्यांचा पळण्याला विरोध नव्हता. पळून मी पुन्हा बोलायला लागले हे त्यांनी बघितलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, "पळ गो, पण उपास सोडू नको." चतुर्थी आणि एकादशी मी आधीपासून धरत होते. प्रकाशच्या नोकरीसाठी शनिवार होता. आता दुसऱ्या मुलासाठी सोळा सोमवार धरले. मीही मनापासून धरले, कुणी बळजबरी केली नव्हती. उपाशीपोटी पळायचं, वरीच्या भातावर दिवस काढायचा, आणि त्या हलक्या हलक्या वाटण्याला मी ताकद समजायचे. कमरेचा नाडा दर महिन्याला थोडा आत जात होता. शाळेतल्या बाया म्हणायच्या, वनिताबाई, काय बारीक झालात हो! मला ते आवडायचं.

बुटाचं काय करायचं

नवरात्रात आमच्याकडे बायका नऊ दिवस उपास करतात आणि पायात काही घालत नाहीत. मीही दरवर्षी चपला सोडते. त्या वर्षी प्रश्न आला बुटांचा. शर्यत तीन महिन्यांवर होती आणि प्रकाश सराव थांबवायला तयार नव्हता. तो आईला म्हणाला, "आय, चपला सोडल्यात ना? बूट चालतील की."

आत्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पाचवीत गेला. "बूट काय चपलेचा भाऊ नाय? देवीला काय डोळं नायत?"

विषय मिटला. नऊ दिवस मी डांबरी रस्त्यावर अनवाणी पळले. खायला दिवसाकाठी दोन केळी, शेंगदाणे, रात्री वरी. शाळा सुटल्यावर शेतावर, कारण भात कापायला आलं होतं. कापलेल्या भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणायचे. अष्टमीला सगळ्यात लांबचं पळणं केलं. आळीतल्या बाया कौतुकाने बघत होत्या. पळणं आणि व्रत एकाच वेळी, म्हणजे दोन्हीकडून पुण्य, असं मलाही वाटलं होतं.

दसऱ्यानंतर उजव्या जांघेत कळ सुरू झाली. सुरुवातीला फक्त पळताना यायची. मग चालताना. मग कुशीवर वळलं तरी. बोट ठेवून इथे दुखतं असं दाखवता येईना, खोल कुठेतरी होतं. आत्या म्हणाल्या भारे वाहून नस धरली, शेजारीण म्हणाली वात आहे. शाळेतल्या गुरुजींनी मूतखड्याची शंका काढली आणि प्रकाशने बूट बदलायला हवेत असं ठरवलं. तेल झालं, शेक झाला, लसूण खाऊन झाला.

रिकामी चटई

आता थोडं घरातलं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची रीत होती. पडवीच्या टोकाला माझी एक चटई. ताट, तांब्या वेगळे. स्वयंपाकघरात यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. शाळेला मात्र जायचं, तिथे दिवसभर पोरांचे हात धरून पाटीवर गिरवून घ्यायचं, पोरं पळत येऊन कमरेला मिठी मारायची. घरी आलं की पुन्हा चटईवर. यातली गंमत मी एकदा आत्यांना बोलून दाखवली तर म्हणाल्या, "शाळा सरकारची हाय, घर माझं हाय."

तर या रीतीमुळे सुनेची तारीख सासूला न विचारता कळते. चटई घातली की कळतं, नाही घातली की जास्तच कळतं. नवरात्राच्या सुमाराला मी बसले नाही तेव्हा आत्या खूश होत्या, देवीचे दिवस निर्विघ्न पार पडले म्हणून. दिवाळीतही बसले नाही. भाऊबीजेला माहेरी निघाले तेव्हा त्यांनी मला मागच्या दारी नेलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"किती झालं गो?"

"काय आत्या?"

"येडी का खुळी? चटई दोन खेपा कोरडी हाय."

मी मनात हिशेब केला. अंगात कणकण होती, सकाळी मळमळायचं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सगळं जुळत होतं. आत्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तीन महिनं भरत नायत तवर कुणाला बोलायचं नाय. डाक्टरला पन नाय. मागल्या टायमाला मीच वाट लावली, आता तोंड शिवून बसते."

त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी भीती वाटली, कारण मागच्या खेपेला पोट रिकामं होण्याआधी असंच खाली दुखलं होतं. म्हणजे ही कळ हाडाची नाहीच का? पुन्हा तेच होतंय का?

त्या दिवसापासून माझ्या डोक्याचा जो गुंता झाला तो महिनाभर सुटला नाही. कळ आली की वाटायचं, गेलं. कळ थांबली की वाटायचं, आहे. दुखणं एकच होतं आणि त्याचा अर्थ लावणारी मी एकटीच होते.

प्रकाशला सांगितलं. त्याने कल्याणहून तपासणीची पट्टी आणली, मुरबाडात घेतली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. सकाळी मोरीत पट्टी केली, तेवढ्यात आत्यांनी हाक मारली. पट्टी घंगाळामागे लपवून मी भाकऱ्यांना गेले. परत येऊन बघते तर एक रेघ ठळक आणि दुसरी अशी पुसट की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. प्रकाशने खिडकीशी नेऊन बघितली, चष्मा लावून बघितली. "हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "हाय ना?" पट्टी पाच मिनिटांच्या आत बघायची असते, नंतर सुकताना असल्या सावल्या उमटतात, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

मी पळणं थांबवलं. प्रकाशने बूट पुसून माळ्यावर ठेवले. शर्यतीचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. मला मूल हवं होतं. पण पहाटे टेम्पोचा हॉर्न ऐकू आला की पाय पांघरुणात वळवळायचे. एकाचं सुख मानलं की दुसऱ्याशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. हे मी कुणाजवळ बोलणार?

फोटो नको

पळणं थांबलं तरी दुखणं हटेना. वाडीची चढण होती, पाण्याचे हंडे होते. मार्गशीर्ष लागला आणि त्यात गुरुवारचा उपास वाढला, कारण आता तर पोटातल्यासाठी करायचा होता. मी लंगडायला लागले. वर्गातली पोरं माझी नक्कल करायची, मीही हसायचे.

मुरबाडच्या डॉक्टरांकडे प्रकाश मला आत्यांना न सांगता घेऊन गेला. ते म्हणाले, खुब्याचा फोटो काढू. मी विचारलं, दिवस असतील तर? ते थबकले. असतील तर फोटो नको, थांबू या, तोवर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखण्यावर हलकी गोळी दिली. आम्ही दाखवायला गेलोच नाही. तीन महिने भरायला थोडेच दिवस राहिले होते.

घरी आल्यावर बोलणं फुटलंच. प्रकाश आईवर पहिल्यांदा ओरडला, "आय, ती लंगडतेय, दिसत नाय का तुला?"

"लंगडू दे! पाय काय पळून नाय चालला. पोटातलं जपायला हवं."

मला आत्यांचा संताप आला. म्हणजे मी कोण, नुसतं भांडं? ताडकन उठले आणि कळीने पुन्हा खाली बसले. पण खरं सांगायचं तर अर्धा वेळ मी आत्यांच्याच बाजूची होते. फोटोत सगळं स्वच्छ दिसलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

जीपची पायरी

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. सकाळी शाळेला निघाले होते. फाट्यावर जीप थांबली, मागच्या बाजूने मी उतरले. उडी नाही, काही नाही. रोजच्यासारखा उजवा पाय खाली टेकवला. आत काडकन वाजलं आणि मी तिथेच बसले. उठू गेले तर पाय माझा नव्हताच, वेडावाकडा बाहेरच्या बाजूला पडलेला.

माणसं धावली. मला एक गोष्ट लख्ख आठवते. माझा हात पायाकडे गेला नाही, पोटाकडे गेला.

त्याच जीपमधली माणसं उतरली आणि मला आडवी घालून गाडी घराकडे वळवली. आत्या होत्या तशा चढल्या. कल्याणपर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या खुब्यातून जात होता आणि त्या एकच पुटपुटत होत्या, "राख गो आये, राख." देवीला म्हणत होत्या. काय राखायला सांगत होत्या ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी

इस्पितळात ढकलगाडीवरून मला फोटोच्या खोलीकडे नेलं. आत्या माझ्या पुढे झाल्या आणि दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून उभ्या राहिल्या.

"फोटो काढायचा नाय. पोटुशी हाय ती."

तिथला माणूस म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, मागे लाइन आहे."

"माझ्या अंगावरनं ने."

प्रकाश कारखान्यातून तसाच ग्रीसच्या हातांनी पोचला होता. तो एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. काढा म्हणू की नको म्हणू? मला ठरवता येईना. तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. आवाज चढवला नाही. आत्यांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आधी पोट बघू, मग पाय."

सोनोग्राफीच्या खोलीत थंडगार जेल पोटावर पडलं. मागच्या खेपेला पडद्यावर मला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी दाखवलं होतं. मी तो दाणा शोधत होते. डॉक्टरीणबाईंचा हात एकाच जागी फिरत राहिला, मग थांबला.

"वनिताताई, गर्भ नाही."

"पडला?"

"नाही. या वेळी राहिलाच नव्हता."

मला ते समजेना. गेलेल्याचं रडता येतं, मी रडलेही होते. पण जे नव्हतंच त्याचं काय करायचं? महिनाभर मी ज्याच्याशी मनात बोलत होते ते कोण होतं? मी त्यांना म्हणाले, पुन्हा एकदा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांनी खरोखर पुन्हा नीट बघितलं.

बाहेर आत्या उभ्याच होत्या. "काय बोलली?"

"नाय आत्या. काय नाय आत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग फोटोच्या खोलीच्या दारातून बाजूला सरकल्या, भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली बसल्या. "काढा आता फोटो," म्हणाल्या. "आता काय, काढा."

फोटोत मांडीच्या हाडाची खुब्यातली मान मोडलेली दिसली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मोडलं आज, पण चीर जुनी आहे, कित्येक आठवड्यांची. जीपच्या पायरीने नुसतं शेवटचं काम केलं. एवढ्या तरुण बाईचं हे हाड असं जात नाही, म्हणून त्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी येऊन बसल्या आणि रोज काय खाता ते विचारत गेल्या. मी सोमवारपासून सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं.

त्या म्हणाल्या, "इतकं पळायचं, शेतात राबायचं आणि इतकं कमी खायचं, तर शरीर ज्याच्यावाचून भागतं ते आधी बंद करतं. पाळी म्हणून थांबली. मग हाडं कमजोर होतात."

आत्या ऐकत होत्या. "म्हंजे उपासानं झालं?"

"सगळं एकत्र झालं, आजी. एकट्या उपासाला कशाला बोल लावू?"

"पन उपास पोरासाठीच होतं वो," आत्या म्हणाल्या.



वॉर्ड

ऑपरेशन त्याच दिवशी झालं, खुब्यात तीन स्क्रू बसले. शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या खाटेवर कसाऱ्याची एक बाई होती. नवरा रेल्वेत गँगमन, ही विहिरीवर घसरून पायाचं हाड मोडून घेतलेली. जात्याच हसरी. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली, "तुमचा कुठला? माझा डावा."

वॉर्डातला दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग संपतच नाही. फरशीला फिनेलचा वास, सुई, चहा, अंग पुसणं, डॉक्टरांची फेरी. सगळ्यात वाईट बेडपॅन. पळत सुटणाऱ्या बाईला दुसऱ्याकडून उचलून घ्यावं लागतं, तेव्हा लाज आणि राग एकत्र येतो. मी पहिले दोन दिवस पाणीच पीत नव्हते. कसाऱ्याच्या बाईने ओळखलं. "प्या हो बाई, आमी समदे त्याच्यावरच बसतो, राजा नाय की राणी नाय." तिचा नवरा डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण आणायचा, त्यातलं ती अर्धं माझ्या ताटात ओतायची. पहिल्यांदा मी म्हणाले आज गुरुवार आहे. मग गपचूप खाल्लं, आणि खाताना डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, तिखट होतं म्हणून म्हटलं तर तिनेही मान डोलावली.

मी डॉक्टरांना सारखी विचारायचे, मी चालेन ना? हो. पळेन? हाडाच्या डोक्याला रक्त नीट पोचतं का ते वर्षभर कळणार नाही, आत्ता सांगता येत नाही. आणि मूल? ते डॉक्टरीणबाईंना विचारा. त्या म्हणाल्या, "पाळी परत आली की समजा शरीर भरून आलं. आधी तेवढी येऊ दे." कुणाकडेच पक्कं उत्तर नव्हतं. भेटायला येणाऱ्यांकडे मात्र होतं, प्रत्येकाकडे वेगळं. बायकांनी पळू नये, इथपासून नजर काढा, इथपर्यंत. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायला शिकले.

घरी

घरी माझी खाट माजघरात घातली. उजवा पाय टेकवायचा नव्हता. प्रकाशने लोखंडी खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून संडासाची सोय केली. कारखान्यातल्या कामासारखं मापं घेऊन, कडा घासून केली. ती करताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, बोल की काहीतरी. तो म्हणाला, "लुनावर मी मागं होतो. मी पुढं पळायला सांगत होतो." एवढं बोलून, गॅलरीतला खिळ्यांचा डबा शोधतो म्हणत उठून गेला. आमच्या घरात कुठली आलीय गॅलरी!

आत्या तर बोलणंच विसरल्या होत्या. ताट आणून ठेवायच्या आणि जायच्या. मला वाटे, माझ्यावर रागावल्यात. नातवंड दाखवून काढून घेतलं असं वाटत असेल. मग एका सोमवारी ताट आलं, त्यात नाचणीची भाकरी, अंड्याचा पोळा आणि सुकटीची चटणी.

"आत्या, सोमवार हाय आज."

"मला ठाव हाय. खा."

"आणि नवस?"

"तुझं उपास मी धरलेत. सोमवार, गुरवार, समदं." पदराने खाटेची कड पुसत राहिल्या. "देवाला एका घरातनं एक उपास पोचला म्हंजे झालं. तू जेव."

मी म्हणाले, तुमचं वय काय, तुम्हाला चक्कर येईल. तर म्हणाल्या, "मी कुठं पळतेय?" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

दर महिन्याला आता उलटंच सुरू झालं. ज्या बाईने पाळी येऊ नये म्हणून देवीला साकडं घातलं होतं, ती आता सकाळी हळूच विचारायची, "आली का गो?" मी मान हलवायचे. त्या पडवीकडे एक नजर टाकायच्या आणि कामाला लागायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा. मी दोन वेळा पोटभर जेवत होते, अंगावर मांस धरत होतं, फोटोत हाड जुळताना दिसत होतं, आणि तरी शरीर माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. एवढं खाऊन पुढे ही बाई पुन्हा उपाशी ठेवणार नाही कशावरून, असंच जणू त्याला वाटत असावं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण विद्यार्थिनीनेही तेच विचारलं. मी आता पळते. दोन वर्षांनी सुरू केलं, हळू पळते, खाऊन पळते, लांब पल्ल्याच्या वाटेला जात नाही. दुसरं मूल झालं नाही. का, ते कुणाला नक्की सांगता आलं नाही, आणि एका टप्प्यावर मी विचारणं सोडलं. कधीकधी अजून वाईट वाटतं.

पण मला त्या उन्हाळ्यातला एक दिवस सांगायचा आहे.

काठी घेऊन चालायला लागले होते. सकाळी उठले आणि कळलं. इतके महिने जिची वाट बघितली ती आली, आणि मी काय केलं? सवयीने पडवीत गेले. कोपऱ्यातली गुंडाळलेली चटई काठीनेच उलगडली. आणि मग लक्षात आलं की डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. वाकताही येईना. चटईशेजारी काठी टेकून मी नुसती उभी राहिले, आत जायचं नाही आणि खाली बसता येत नाही.

आत्या पाण्याची घागर घेऊन आल्या. चटई बघितली. मला बघितलं. घागर जोत्यावर ठेवली आणि सरळ माझ्याकडे यायला लागल्या.

"आत्या, शिवाल तुमी."

"शिवू दे."

त्यांनी माझ्या काखेत हात घातला. एवढ्या वर्षांत त्या दिवसांत त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं. मला धरून ओटी, माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात नेलं, स्वातीची अभ्यासाची खुर्ची चुलीजवळ ओढली आणि तिच्यावर बसवलं. मग तूप टाकून रवा भाजायला घेतला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, धूर म्हणावा तर चूल नीट पेटलेली होती.

स्वाती डोळे चोळत आली. घरातली रीत तिला पाठ होती. पडवीकडे बघून म्हणाली, "आजी, आई आत कशी? चटई तर घातलीय."

आत्या शिऱ्यात साखर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उचल ती. अंगणात उन्हात टाक. पापड घालायचेत तिच्यावर."